वर्षाची पोथी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यापेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, व्यापाऱ्याचे नवे वर्ष सुरू होते. जमाखर्चाला जसा आरंभाचा दिवस असतो तसा वाचनालाही असावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. पुस्तक केव्हाही उघडता येते, आणि केव्हाही उघडता येते म्हणूनच ते बहुधा उघडले जात नाही. म्हणून यंदाच्या पाडव्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंतचे वर्ष जुन्या मराठी ग्रंथांच्या वाचनाला द्यायचे मी ठरवले आहे, आणि त्याचा रीतसर बेत आखला आहे.

बेत आखायचा म्हणजे आधी यादी आली. यादी करण्यात मोठे सुख असते. त्यात काहीच वाचावे लागत नाही. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध, तुकोबांची गाथा, श्रीधर, मोरोपंत, महिपती असे करता करता कागद भरतो आणि वर्ष मात्र बाराच महिन्यांचे राहते. तेव्हा मी यादी बाजूला ठेवली आणि निराळाच प्रश्न स्वतःला घातला. ज्या काळी घरात दिवा बेताचा, पुस्तके मोजकी आणि वाचता येणारी माणसे त्याहून मोजकी होती, त्या काळी हे ग्रंथ आपल्या लोकांनी वाचले तरी कसे? या प्रश्नाचा माग काढताना ध्यानात आले की वर्षभराच्या वाचनाचा बेत नव्याने शोधण्याची गरजच नाही. तो आपल्या घरांतून कित्येक पिढ्या आखलेला होता. आपण फक्त तो मोडून बसलो आहोत.

तो बेत असा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की घरात किंवा देवळात पोथी लागायची. श्रीधरस्वामी नाझरेकरांचे ग्रंथ त्यासाठी जणू मापाने शिवलेले आहेत. १७०२ साली पुरा झालेला हरिविजय छत्तीस अध्यायांचा, त्याच्या पुढल्या वर्षीचा रामविजय चाळीस अध्यायांचा, आणि १७१२ सालचा पांडवप्रताप चौसष्ट अध्यायांचा. एका बैठकीला एक अध्याय, अध्याय अर्धवट ठेवायचा नाही, हा दंडक. कृष्णजन्माचा अध्याय आला की सुंठवडा वाटायचा, स्वयंवर आले की काही गोड करायचे, आणि ग्रंथ संपला की समाप्तीचा नैवेद्य व वाचणाऱ्याला शिधा. लग्नाच्या मुलीने एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर वाचायचे. त्याचे प्रसंग अठरा. श्रावणात शिवलीलामृत, त्याचे मूळचे अध्याय चौदा. पाहा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा महिना आहे, रोजचे माप आहे आणि शेवटचा दिवस आहे. शिवाय ऐकणारी माणसे आहेत, आणि सगळ्या बेताचा खरा टेकू तीच आहेत. एकट्याने वाचणाऱ्याला आज कंटाळा आला तर पुस्तक मिटता येते. समोर दहा बायका वाती वळत बसल्या असल्या तर ते जमत नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. सही करायची वेळ आली तर अंगठा. पण आमच्या वाड्यात एक पेन्शनर मास्तर पांडवप्रताप वाचीत, आणि एकदा त्यांच्याकडून घाईत एक ओवी सुटली तेव्हा आजी वात वळता वळता म्हणाली, "मास्तर, मध्ये एक राहिली." मास्तरांनी पान परत पाहिले, खरेच राहिली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला चौसष्ट अध्यायांचा ग्रंथ असा कानाने पाठ होता. आज आमच्या घरात सगळेच शिकलेले आहेत, चार भाषांत वाचतात, पण सुटलेली ओवी दाखवून देईल असे कोणी उरलेले नाही. नातवंडे मराठी छान बोलतात, पण छापील मराठी पान पुढे आले की रस्त्यात खड्डे असल्यासारखी अडखळत चालतात. हा दोष मुलांचा नव्हे. कानाने आलेली विद्या एका पिढीने वाचणे थांबवले की पुढच्या पिढीला पोहोचतच नाही. माझ्या बेतामागची खरी तळमळ ही आहे.

कानाची ताकद किती मोठी असते हे पाहायचे असेल तर बहिणाबाई शिऊरकरांचे आत्मकथन पाहावे. लहान वयात कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि पाहिलेही नसलेल्या माणसाला मनोमन गुरू मानले. ग्रंथ हाती पडण्याआधीच तो तिच्या आयुष्यात शिरला होता. दुसरे उदाहरण गोव्याचे, आणि ते अधिक विलक्षण आहे. साष्टीत धर्मांतर झालेल्या लोकांची जुनी पुराणे गेली, पण पुराण ऐकण्याची सवय गेली नाही. आम्हांला वाचायला काही द्या, असे त्यांचे मागणे होते, आणि त्यातून इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि गोव्याच्या चर्चमधून लोकांना वाचून दाखवले जाऊ लागले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. माणसाचा धर्म बदलला, राज्य बदलले, तरी संध्याकाळी ओवी ऐकल्यावाचून त्याला करमत नव्हते, एवढे या हकिगतीवरून दिसते.

आता हे ग्रंथ आपल्यापर्यंत आले कसे, तेही पाहू; कारण बेत आखताना मला धीर आला तो या इतिहासामुळे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी पुरी झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरली गेली. उतरणाऱ्याचा हात चुकतो, कळले नाही तेथे तो अंदाजाने भरतो, आणि भाविकपणे आपलीही एखादी ओवी घालतो. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जुळवून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद लिहून ठेवली. ज्या माणसाने स्वतः अठरा हजारांहून अधिक ओव्यांचे भागवत लिहिले, त्याने दुसऱ्याच्या ग्रंथातील पाठभेद निवडत बसावे, यात केवढा विनय आहे! भाद्रपद वद्य षष्ठीला आजही ज्ञानेश्वरी जयंती पाळतात, ती या शुद्धीकरणाच्या स्मरणार्थ.

मग छापखाने आले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले छापील पंचांग काढले. छापण्याच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. तुपाच्या शाईने छापलेली पोथी देवघरात गेली आणि तेथून पोथीचा भाव उतरला. उतरून घेण्याचे वर्षावर्षाचे काम दिवसांवर आले. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींचे वेचे निवडून नवनीत छापले. शाळेत शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांना मोरोपंत, वामन, मुक्तेश्वर यांची ओळख झाली ती त्या पुस्तकाने. त्याचे उपकार मोठे आहेत. पण लोणी खायला सापडल्यावर ताक घुसळायला कोण बसणार? वेचे वाचले म्हणजे कवी वाचला, असे आपल्याला वाटू लागले, आणि समग्र ग्रंथाची सवय तेव्हापासून सुटत गेली असे मला वाटते.

सुदैवाने समग्र ग्रंथाचा ध्यास घेणारी माणसेही त्याच काळात निघाली. तुकोबांची गाथा सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात दोन भागांत छापली गेली, १८६९ आणि १८७३ साली. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी त्यासाठी ठिकठिकाणच्या वह्या तपासल्या. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून हिंडले. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून त्यांनी १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडजवळच्या पाटांगणाच्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. योगायोग असा की त्याच १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि आज आपण हातात धरून बसलो आहोत त्या अंकाची प्रथा पडली. एकाच वर्षी मराठीतला जुना ग्रंथ जुन्या रूपात परत आला आणि दिवाळीला फराळाबरोबर वाचण्याची नवी चाल सुरू झाली. माझ्या बेतात या दोहोंना जागा आहे.

या सगळ्या खटपटीकडे पाहिले म्हणजे मनात येते, एवढे कष्ट करून या मंडळींनी ग्रंथ राखले ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. शोधणाऱ्याने शोधले, शुद्ध करणाऱ्याने शुद्ध केले, छापणाऱ्याने छापले. आता शेवटचे काम तेवढे उरले आहे आणि ते वाचणाऱ्याचे आहे. ते करायला विद्वत्ता लागत नाही, दिवसाकाठी अर्धा तास लागतो.

म्हणून माझे वर्ष मी असे मांडले आहे.

सकाळी, चहा झाल्यावर, एकट्याने ज्ञानेश्वरी. दिवाळी ते दिवाळी चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज सव्वीस ओव्या वाचल्या तर ९२०४ होतात; म्हणजे आजारपण, पाहुणे आणि लग्नकार्य यांसाठी आठवड्याची सूट मिळते. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो, तो दहा दिवसांत होईल. अठरावा मात्र अठराशेंवर जातो. त्याला सत्तर दिवस लागतील आणि तो गोकुळाष्टमीच्या आसपास सुरू होईल. हे गणित कोणाला अरसिकपणाचे वाटेल. पण मोठ्या ग्रंथाची भीती मोजमाप केल्यानेच जाते. नऊ हजार म्हटले की छाती दडपते. सव्वीस म्हटले की माणूस चष्मा शोधू लागतो. कळला नाही तो शब्द समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचा आणि पुढे जायचे, अर्थासाठी अडून राहायचे नाही, असा दुसरा नियम आहे. बरेच शब्द दहा पानांनंतर आपले आपणच उलगडतात.

हिवाळ्यात, कार्तिकापासून फाल्गुन वद्य द्वितीयेच्या तुकाराम बीजेपर्यंत, रात्री तुकोबा. हे सुमारे १३५ दिवस होतात. रोज बारा अभंग वाचले तर एका हिवाळ्यात सोळाशेंच्या वर जातील. गाथा साडेचार हजारांच्या आसपास आहे, तेव्हा सगळी वाचायला तीन हिवाळे हवेत. माझ्या वयाला तीन हिवाळ्यांचा करार म्हणजे थोडे धाडसच. पण माणसाने उद्यासाठी काही राखून ठेवले म्हणजे उद्याची वाट पाहण्यास कारण मिळते. मुंबई सरकारने १९५० साली काढलेल्या गाथेची एक प्रत वडिलांनी घेऊन ठेवली आहे. तिचा पुठ्ठा सैल झाला आहे, तो पाडव्याच्या आत बांधून घ्यायचा आहे.

वैशाख आणि ज्येष्ठ गद्यासाठी, कारण तेव्हा नातवंडांना सुट्टी असते. पहिले पुस्तक वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास'. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. पुढे त्याने आठवणी लिहिल्या. त्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली त्यांत आपल्या हाताने फेरफार करून त्या प्रसिद्ध केल्या, आणि मूळ बखर जशीच्या तशी वाचकांपुढे आली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने. मुलांना लढाई आवडते. तोफा सुरू झाल्या की ती मराठी पानावर अडखळायची नाहीत असा माझा होरा आहे. दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली. अक्षरे लग्नानंतर गिरवलेल्या बाईने आत्मचरित्र लिहावे आणि त्यात स्वतःलाच इतके हसावे, हे सुनेने व नातीने मोठ्याने वाचावे असे आहे. वाचता वाचता हसू आवरले नाही तर थांबायची मुभा आहे.

आणि आषाढी एकादशीपासून पांडवप्रताप, सगळ्यांसमोर. चातुर्मास ११८ दिवसांचा. एक दिवसाआड अध्याय घेतला तर एकोणसाठ होतात. उरलेले पाच मधल्या रविवारी. सगळ्यांची जेवणे झाल्यावर, साडेनवाला. पहिले आठ अध्याय मी वाचीन; मग मुलगा, मग सून, आणि जमेल तितक्या ओव्या नातवंडे. या बेतात मी एक खुबी पाहिली आहे. समाप्ती कार्तिकी एकादशीस येते, म्हणजे दिवाळीनंतर दहा-अकरा दिवसांनी, नव्या वर्षात. जुन्या वर्षाचे वाचन नव्या वर्षात पाऊल टाकते आणि मध्ये खंड पडत नाही. ज्यांनी चातुर्मास आखला त्यांच्या मनात माझे वाचन खचितच नव्हते, पण सोय मात्र उत्तम झाली आहे.

बेत म्हटला की तो मोडण्याचाही विचार करून ठेवावा लागतो. तोही आपल्या पंचांगकर्त्यांनी केला आहे. सुमारे दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. त्यात लग्नमुंजी नाहीत. दान, स्नान आणि वाचन तेवढे. एखाद्या वर्षी बारा महिन्यांत राहिले तर तेराव्यात पुरे करावे. वाचकाची इतकी काळजी दुसऱ्या कोणत्या वेळापत्रकाने घेतली असेल असे मला वाटत नाही.

घरात बेत जाहीर केला तेव्हा मंडळींनी आपापल्या परीने मते दिली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळे आता फोनवर ऐकायलाही मिळते." ते खरेच आहे, आणि प्रवासात मी ऐकतोही. पण फोनमधल्या आवाजाला कोणी "मध्ये एक राहिली" असे म्हणू शकत नाही. म्हटले तरी तो पान परत पाहायचा नाही. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले की समाप्तीला किती पाने. मी म्हटले, ऐकायला जितके येतील तितकी. त्यावर त्या म्हणाल्या, "मग डाळ बेताचीच भिजत घालते." हा टोमणा मी मुकाट्याने गिळला, कारण त्यात संमती होती.

वाचकहो, तुम्हीही माझीच यादी घ्यावी असा माझा मुळीच आग्रह नाही. तुमच्या घरी मोरोपंत असतील, हरिभाऊ आपटे असतील, किंवा आजोळाहून आलेली लाल फडक्यात बांधलेली कसलीशी पोथी असेल. एकच ग्रंथ घ्या, पण समग्र घ्या. त्याला दिवस लावून द्या, रोजचे माप ठरवा, शेवटच्या दिवशी काय गोड करायचे तेही आजच ठरवून ठेवा. आणि जमेल तर कोणाला तरी ऐकवा. वाचलेले विसरते, पण लहानपणी ऐकलेले म्हातारपणी आपल्या नकळत ओठांवर येते.

आषाढी एकादशीच्या रात्री मी पाट मांडीन. समोर किती जण बसतील ते आज सांगता येत नाही. मुलांना अभ्यास असेल, मुलाला कामावरून उशीर होईल, सुनेला सकाळचा डबा असेल. पण पोथी सुरू व्हायला वाचणारा एक आणि ऐकणारा एक, एवढी दोनच माणसे लागतात. डाळ भिजत घालणारीने एकीची हमी दिलेलीच आहे.